मुलाच्या दीक्षान्त संचलनासाठी चिल्का येथे जायचे आहे, मदत हवी

सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील. आमचा धाकटा मुलगा नौदलात अग्निवीर म्हणून ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण पूर्ण करीत असून त्याच्या दीक्षान्त संचलनास आम्ही दोघे व माझ्या सासूबाई जाणार आहोत. लोंढ्याहून अमरावती एक्सप्रेसने निघण्याचा बेत आहे. मार्च २०२३ मध्ये पहिल्या अग्निवीर तुकडीचे संचलन सूर्यास्तानंतर झाले होते. यंदाही तसेच असल्यास गुडघे धरलेल्या सासूबाईंना घेऊन रात्री लांब परतणे कठीण, म्हणून मुक्काम चिल्काजवळच्या बालुगावला करावा की भुवनेश्वरला, हे ज्यांची मुले तेथून बाहेर पडली त्यांनी कृपया सांगावे.

खरी काळजी वेगळीच आहे. सासूबाईंच्या आधार कार्डावर आडनाव कन्नड वळणाने लिहिले गेले आहे आणि मुलाच्या कागदपत्रांत मराठी वळणाने. सीमाभागात हे घरोघरी आहे, परंतु तेथील फाटकावर ते कोणाला समजावणार? यावरून कोणास अडवल्याचा अनुभव आहे का?

नातवासाठी बेळगावचा कुंदा न्यायचा म्हणून सासूबाईंनी स्टीलचा डबा आत्ताच घासून उन्हात ठेवला आहे. एवढ्या प्रवासात तो टिकेल का, आणि आत नेऊ देतात का, हेही कळवावे.