मदत हवी आहे: लिनक्स राउटरवर बफर वाढवूनही पॅकेट ड्रॉप होतात

प्रश्न
पीसीवर लिनक्स टाकून राउटर केलाय. दोन गिगाबिट कार्डं, चार कोअर, ८ जीबी रॅम. लोड वाढला की पॅकेट ड्रॉप होतात. आरमेम_मॅक्स आणि डब्ल्यूमेम_मॅक्स १६ एमबी केले, टीसीपी_आरमेमही वाढवलं. काडीचा फरक नाही. ईथटूलच्या (नेटवर्क कार्डाची माहिती आणि सेटिंग दाखवणारं टूल) आकडेवारीत आरएक्स_मिस्ड_एरर्स, म्हणजे कार्डाला घेता न आलेल्या पॅकेटांचा आकडा, चढतच राहतो. रॅम भरपूर मोकळी आहे. मग नेमका कुठला बफर वाढवायचा?

प्रतिसाद १
वाढवलेले तिन्ही आकडे आधी होते तसे करा. ते सॉकेटचे बफर आहेत, म्हणजे याच मशीनवरच्या प्रोग्रॅमसाठी आलेल्या डेटाचे. एका कार्डातून येऊन दुसऱ्यातून निघून जाणारं पॅकेट सॉकेटपर्यंत पोचतच नाही.

मिस्ड चढतोय म्हणजे कार्डाला रिंग बफरमध्ये (सीपीयू उचलेपर्यंत पॅकेटं ठेवायची गोल रांग) रिकामी जागा मिळत नाहीये. ‘ईथटूल’ला छोटा ‘जी’ देऊन रिंग बघा. बऱ्याच कार्डांवर ती २५६ असते आणि कमाल ४०९६. गिगाबिटवर ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला १४ लाख ८८ हजारांपर्यंत येऊ शकतात. त्या वेगाने २५६ची रिंग सुमारे १७२ मायक्रोसेकंदांत भरते. सीपीयू तेवढा वेळ दुसरीकडे अडकला की झालं. मोठा ‘जी’ देऊन आरएक्स (येणाऱ्या पॅकेटांची रिंग) १०२४ करा. थेट ४०९६वर उडी नको. आणि हे करताना बऱ्याच ड्रायव्हरमध्ये लिंक क्षणभर पडते, म्हणून दुरून लॉगिन केलं असेल तर जपून. रीबूटनंतर सेटिंग जातं, ते सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

प्रतिसाद २
रिंग वाढवण्याआधी प्रॉक-इंटरप्ट्स ही फाइल बघा. इंटरप्ट म्हणजे पॅकेट आल्यावर कार्डाने सीपीयूला मारलेली हाक. दोन्ही कार्डांचे इंटरप्ट एकाच कोअरवर पडत असतील आणि केसॉफ्टआयआरक्यूडी (पॅकेटं हाताळणारी लिनक्सची प्रक्रिया) तो कोअर १००% खात असेल, तर मोठी रिंग फक्त थोड्या उशिराने भरेल. इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर वाटा.

मग सॉफ्टनेट_स्टॅट ही फाइल. दर सीपीयूला एक ओळ, आकडे हेक्साडेसिमल. दुसरा रकाना वाढत असेल तर बॅकलॉग, म्हणजे सीपीयूची वाट बघणाऱ्या पॅकेटांची रांग, भरतोय. नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग १००० वरून २०००–३००० करा. पण आरपीएस (पॅकेटांचं काम वेगवेगळ्या कोअरवर वाटणारी सोय) चालू नसेल तर साध्या कार्डाची पॅकेटं त्या रांगेत जातच नाहीत. तिसरा रकाना वाढत असेल तर एका फेरीत काम पुरं होत नाहीये; नेटडेव्ह_बजेट (एका फेरीत उचलायच्या पॅकेटांची मर्यादा) ३०० वरून ६०० करा, सोबत बजेट_यूसेक्सही (त्याच फेरीची वेळेची मर्यादा) वाढवा, नाहीतर वेळेची मर्यादा आधी लागते.

प्रश्नकर्ता
सगळे इंटरप्ट कोअर शून्यवरच होते. वाटले, रिंग १०२४ केली, मिस्ड थांबला. आता ‘टीसी’च्या (कार्डाच्या रांगा सांभाळणारं लिनक्सचं टूल) आकडेवारीत बाहेरच्या कार्डावर ड्रॉप दिसतायत. बाहेरची लाइन ५० एमबीपीएसची आहे. टीएक्सक्यूलेन (बाहेर जाणाऱ्या रांगेची लांबी) वाढवू का?

प्रतिसाद १
अजिबात नको! १५०० बाइटची १००० पॅकेटं म्हणजे १२ मेगाबिट. ५० एमबीपीएसच्या लाइनवर ती रांग उपसायला २४० मिलिसेकंद लागतात. ड्रॉप कमी दिसतील, पण कॉलमध्ये आवाज अडखळेल. तिथे थोडे ड्रॉप व्हायलाच हवेत, त्यावरूनच टीसीपीला वेग कमी करायचं कळतं.

बाहेरच्या कार्डावर ‘केक’ (वेगावर मर्यादा घालून रांग छोटी ठेवणारी पद्धत) लावून बँडविड्थ ४५ एमबीपीएस ठेवा, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या मशीनवर तयार होईल आणि ती तुमच्या हातात राहील. ‘केक’ नसेल तर एचटीबीखाली (वेगावर मर्यादा घालणारी पद्धत) एफक्यू_कोडेल (रांग छोटी ठेवणारी पद्धत); त्याचं ५ मिलिसेकंदांचं टार्गेट (रांगेत थांबायची चालण्याजोगी वेळ) बदलू नका. मग अपलोड चालू ठेवून पिंग बघा. तरीही वेळ चढत असेल तर ४५चे ४२ करा.