मदत हवी आहे : मुलाने घासलेलं ताट आजी पुन्हा घासतात

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. मुलांना घरकामाची सवय लागावी म्हणून दोन महिने धडपडतेय, पण आता अडलंय.

जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं असं ठरलं होतं. मुलाने चार-पाच दिवस मन लावून घासलं. काठाखाली वरणाची पिवळी रेघ राहायची, पण रोज थोडी कमी होत होती. एका रात्री तो पाणी प्यायला उठला, तर आजी त्याचंच ताट पुन्हा घासत होत्या. तेव्हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ताट सिंकमध्ये ठेवून सरळ निघून गेला. विचारलं तर म्हणाला, "आजी घासतेच ना परत."

हे त्याचं बोलणं माझ्या मनातून जात नाहीये.

सासूबाई मनाने फार चांगल्या आहेत, नातवाने कष्ट करू नयेत एवढंच त्यांना वाटतं. पण नातीला त्या स्वतः हाक मारून पोळ्या लाटायला बसवतात. परवा तिने विचारलं, "दादाला का नाही?" मी गप्प राहिले. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं.

नवऱ्याने कपड्यांच्या घड्या घालायला दहा रुपये लावून पाहिले. आठवड्याभरात मुलगा नळाचं पाणी भरायचेही पैसे मागू लागला (आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, भरून ठेवावंच लागतं). मग ते बंद केलं.

एक काम मात्र तो न सांगता करतो, कचऱ्याचं. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा तो लहान होता, गाडीचं गाणं ऐकतच मोठा झालाय. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा, सगळे डबे त्याला पाठ. संपलेले सेल कशात टाकायचे हे मी त्याला विचारते. गाडी वाजली की धावत खाली. ते काम त्याचं आहे, तिथे मागून कुणी हात लावत नाही. बाकीच्या कामांत हे कसं आणू? आणि आईंना न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद

ताई, मी स्वतः आजी आहे, म्हणून सांगते. आम्हाला "करू नका" म्हटलं की लागतं. त्यापेक्षा "आई, याला तुम्ही शिकवा" म्हणा. शिकवायला बसलं की आपोआप थांबावं लागतं.

ताटापेक्षा रविवारच्या पोह्यांपासून सुरुवात करा. जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत, निथळून दहा मिनिटं झाकायचे. एक पोहा चिमटीत दाबला की मोडायला हवा, पण त्याचा लगदा होता कामा नये. ही पारख आजीने नातवाच्या बोटांना द्यावी. फोडणी आजी घालतील, पोहे परतेल तो. बिघडले तर तसेच सगळ्यांनी खायचे, दुसरे करायचे नाहीत.

ताट घासल्यावर काठाखालून बोट फिरवायला सांगा. ओशट लागलं तर त्याचं तोच परत घासेल. आणि लेकीला उत्तर द्या, उशीर झाला असला तरी.

धागाकर्ती

मनापासून आभार. लेकीशी काल रात्री बोलले. तिचं म्हणणं, पोळ्या तिला आवडतात, पण एक दिवस तिची आणि एक दिवस दादाची पाळी हवी. आज संध्याकाळी आईंशी बोलते, आधी पोह्यांचं, मग पोळ्यांचं. कुणाच्या घरी सासूबाईंनी नातवाला पोळ्या शिकवल्या असतील तर कशी सुरुवात केली ते नक्की लिहा.