मदत हवी आहे: कामावरून काढलं होतं, हे मुलाखतीत कसं सांगावं?

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी 14 महिने डिस्पॅचला होतो. मार्चमध्ये मला काढलं. दोन ऑर्डरच्या लेबलांची माझ्या हातून अदलाबदल झाली आणि माल भलत्याच पार्ट्यांकडे गेला. चूक माझीच, पण पैशांचा काही घोळ नव्हता. पत्रात मात्र 'कामात निष्काळजीपणा' एवढंच लिहिलंय. रिलिव्हिंग लेटर (रीतसर कामातून मोकळं केल्याचं पत्र) दिलेलं नाही. टर्मिनेशन लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 आहे.

ते 14 महिने बायोडेटातून गाळून टाक, असं बरेच जण सांगतात. पण पीएफच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) आधीची कंपनी आणि सोडल्याची तारीख दिसतेच. व्हेरिफिकेशनला उघडं पडणार.

आतापर्यंत दोन मुलाखती झाल्या. रबाळ्याला 'वैयक्तिक कारणाने सोडली' म्हणालो, जुन्या ऑफिसात फोन गेला आणि विषय संपला. तसं पुन्हा करायचं नाही, मनाला फार लागलं. वागळे इस्टेटला सगळं खरं सांगितलं, पण दहा मिनिटं बोलतच राहिलो. समोरच्या मॅडमनी पेनाला टोपण लावलं, तेव्हाच कळलं.

त्याआधी तुर्भ्याला होतो, तिथले साहेब माझ्याबद्दल चांगलं सांगायला तयार आहेत.

गुरुवारी ऐरोलीला मुलाखत आहे. कोणी एचआरमध्ये असाल किंवा यातून गेला असाल तर सांगा: फॉर्ममधल्या 'नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्यात नेमके कोणते शब्द लिहू? आणि त्यांनी विचारेपर्यंत थांबू, की मीच आधी सांगू?