बालवाडीची ताई घडते कुठे? विद्यापीठात की बालवाडीत?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती):
बालशिक्षणाच्या पदवीला शिकवते, बारावं वर्ष. परवा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन एका बालवाडीत गेले होते. साडेतीन वर्षांचं एक पोरगं वाटीतलं पाणी पेल्यात, पेल्यातलं परत वाटीत ओतत बसलं होतं. चांगली वीस मिनिटं. पियाजे या बालमानसशास्त्रज्ञावर हमखास पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीनं पाणी सांडतंय म्हणून पेला काढून घेतला आणि त्याला फळांच्या तक्त्यासमोर बसवलं. तक्ता तिनं रात्रभर जागून केलेला, चमकी वगैरे लावून. पोरानं भोकाड पसरलं.

भांडं बदललं तरी पाणी तेवढंच, हे मुलाला कधी उमगतं यावर तिनं पेपरात दोन पानं लिहिली असती. समोर घडत होतं ते तिला दिसलं नाही. चूक तिची नाही, आमची.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. 2023-24 पासून चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम 57 संस्थांत सुरू झाला. ठीक. पण पहिल्या वर्षापासून निम्मा वेळ बालवाडीत आणि लेखी परीक्षेचे गुण निम्म्यावर, याशिवाय पदवी देऊच नये असं माझं मत आहे. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्या कामात तयार झाल्या, व्याख्यानं ऐकून नाही.

ओसरी:
ताराबाईंचं नाव आलं की वाद संपतो असं का वाटतं सगळ्यांना? त्या स्वतः मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, पुढे राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. अंगणात जाऊन काय बघायचं हे ठाऊक होतं, म्हणून त्यांना ते दिसलं. तुमच्या विद्यार्थिनीला सिद्धांत जास्त झाला नाही, कच्चा राहिला.

सेविका_१९वर्षं:
मी अंगणवाडीत आहे. डिग्रीचे मार्क कमी करा म्हणणं प्राध्यापकांना परवडतं हो, आम्हाला नाही. आमच्या हाती येतं त्याला आजही मानधन म्हणतात, पगार नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला. 'लहान मुलं तर सांभाळायची, त्याला शिक्षण कशाला' हे ऐकत आले. उद्या तुम्हीच म्हणालात की परीक्षा निम्मी पुरे, तर वरचे साहेब म्हणतील, मग पगारही निम्मा पुरे.

पाटीपेन्सिल:
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, कबूल. पण पदवी हलकी करा असं नाही म्हणत मी. मुलाचं तासभर निरीक्षण करून नेमकं लिहिणं हे सोळा गुणांच्या उत्तरापेक्षा कितीतरी कठीण आहे.

मधली_सुट्टी:
दोन वर्षांपूर्वी असाच कोर्स करून बाहेर पडले. निम्मा वेळ बालवाडीत म्हणजे संस्थेला फुकटची बाई! सरावाच्या सहा आठवड्यांत मी डबे उघडले, नाकं पुसली, गॅदरिंगचे मुकुट कापले. आमच्या मॅडम दोनदा आल्या, पाठ टाचणावर सही केली, चहा घेतला, गेल्या. निरीक्षणाची फाइल सगळ्यांनी सीनिअरची उतरवली. त्यातल्या मुलाचं नावसुद्धा कोणी बदललं नाही. तीच तपासून आली, 'छान' शेऱ्यासह.

पाटीपेन्सिल:
फाइलीचं वाचून लाज वाटली. पण डबे उघडणं वाया गेलं असं नका म्हणू. कोणाला झाकण निघत नाही ते बघितलं की बोटांत जोर किती ते कळतं. त्या हातात पेन्सिल द्यायची घाई करायची नाही, हेही तिथंच कळतं.

मधली_सुट्टी:
कळलं असतं, तेव्हा शेजारी बसून कोणी हे बोललं असतं तर. मला आज कळतंय, तुमच्या प्रतिसादातून.

ओसरी:
हेच तर. तास वाढवून काय होणार? सोबत बसणारं माणूस हवं. पाटीपेन्सिल, तुमच्याकडे मुली किती आणि शिकवणाऱ्या किती?

पाटीपेन्सिल:
साठ मुली. आम्ही दोघी, त्यातली एक तासिका तत्त्वावर.

सेविका_१९वर्षं:
मग आमच्याकडे पाठवा की दोघी-दोघी. मी बसते त्यांच्याजवळ. पण विद्यापीठानं मला त्याचे पैसे द्यायचे, आणि मार्कलिस्टवर माझी सही हवी.