मदत हवी आहे: दान आलेल्या सुट्या धान्यातली कीड

आमच्या अन्नपेढीत तांदूळ, कडधान्य, पीठ घराघरांतून सुटं येतं. एका पिशवीतले सोंडे बघता बघता अख्ख्या रॅकवर पसरतात. जुना माल आधी काढणं, पोती भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवणं, हवाबंद पिंपं, सगळं चालू आहे. पण अर्धवट भरलेल्या पिंपात हवा उरतेच. चाळून किडे निघतात, दाण्यातली अंडी तशीच राहतात. उणे १८ अंशांवर ४ दिवस ठेवलेला माल चांगला टिकतो. फ्रीझर मात्र एकच, जेमतेम २० किलोचा. ऊन मिळत नाही, आणि स्वयंसेवक त्याच खोलीत बसतात म्हणून विषारी गोळ्या नकोतच. मग फ्रीझरमध्ये आधी काय घालावं, आणि उरलेला माल किती दिवस वेगळा ठेवला म्हणजे लपलेली कीड बाहेर दिसेल?