२२ केव्ही पॅनलमधून आवाज येतोय पण मेगर (इन्सुलेशन टेस्ट) ओके, कुठली टेस्ट करून घेऊ?

रात्रपाळी:
चाकणला कंपनी आहे, २२ केव्हीचे जुने इनडोअर व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) पॅनल. पावसाळा लागला की एका पॅनलच्या केबल बॉक्सकडून बारीक सूंऽऽ आवाज आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास. शटडाऊनला ५ केव्ही मेगर मारला, रीडिंग गिगाओहममध्ये, थर्मोग्राफीवालापण (कॅमेऱ्यात गरम भाग बघणारा) नॉर्मल म्हणून गेला. साहेब म्हणतात मग खर्च कशाला?

टेस्टबेंच:
तो वास ओझोनचा, पार्शियल डिस्चार्ज (पीडी), म्हणजे इन्सुलेशनच्या आत किंवा पृष्ठभागावर बारीक ठिणग्या चालू असणार. मेगरवर जाऊ नका सर. २२ केव्हीला फेज-टू-अर्थ १२.७ केव्ही एसी असतो आणि मेगर देतो ५ केव्ही डीसी, तेवढ्यावर इन्सुलेशनमधल्या पोकळीत डिस्चार्ज सुरूच होत नाही, त्यात शटडाऊन कोरड्या दिवसात घेतलं असेल तर ओल पण सापडत नाही. थर्मोग्राफी लूज जॉइंटला मस्त, याला नाही. चालू लोडवर टीईव्ही (डिस्चार्जमुळे पत्र्यावर येणारे व्होल्टेजचे बारीक झटके मोजणं) आणि अल्ट्रासॉनिक सर्व्हे करून घ्या, तोही दमट हवेत. टीईव्हीचा सेन्सर बाहेरून पत्र्याला लावतात, आतल्या पोकळीतला डिस्चार्ज त्यात येतो, पृष्ठभागावरचा अल्ट्रासॉनिकमध्ये हेडफोन लावून ऐकू येतो. आणि चालू पॅनलचं दार उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, प्लीज.

केबलवाला_७७:
एवढं कशाला, केबलला डीसी हायपॉट (जास्त व्होल्टेजची टेस्ट) मारा, कच्ची असेल तर तिथंच उडेल.

टेस्टबेंच:
@केबलवाला जुन्या पीआयएलसीला (कागदी इन्सुलेशनची केबल) चालायचं ते. वापरलेल्या एक्सएलपीईला (प्लास्टिक इन्सुलेशनची केबल) डीसी मारला की आत चार्ज अडकून राहतो, टेस्ट पास होते आणि लाइन चालू केल्यावर केबल जाते. ०.१ हर्ट्झचं व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीची एसी टेस्ट) करा, सोबत टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती खराब झालंय ते मोजणारी टेस्ट).

रात्रपाळी:
ओके. स्पेस हीटरचा (पॅनलमधली ओल घालवणारा) एमसीबी बघितला तर ट्रिप होऊन पडलेला, कधीपासून देव जाणे. ट्रान्सफॉर्मरचं पण काही करू का?

टेस्टबेंच:
हीटर आधी चालू करा, आवाज कमी होईल पण सर्व्हे टाळू नका. शटडाऊनमध्ये टर्मिनेशनवर (केबलच्या टोकाची जोडणी) पांढरी भुकटी किंवा काळ्या रेघा दिसल्या तर पुसून परत लावू नका, टर्मिनेशन नवीन करा. ट्रान्सफॉर्मरला तेलाचं डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी), नुसतं बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करतं) नको. हायड्रोजन वाढला तर डिस्चार्जचा संशय, ॲसिटिलीन दिसलं तर आर्किंग, मग वाट बघत बसायचं नाही. पीओमध्ये (खरेदी ऑर्डर) नुसतं 'पीडी टेस्ट' लिहू नका, प्रत्येक पॅनलचं रीडिंग आणि बाजूच्या दाराखिडकीच्या लोखंडावरचं बॅकग्राउंड रीडिंग मागा, नाहीतर व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नॉइज डिस्चार्ज म्हणून दाखवून जातात.