घरची चव उतरवून घ्यायची तर वजनकाटा हवा की अंदाज?

चिमूटभर:
लग्न झालं की एका स्वयंपाकघरात दोन घरांच्या चवी येतात आणि 'आमच्याकडे असं नसायचं' सुरू होतं. माझं मत: दोन्हीकडचे आवडते पदार्थ ग्रॅममध्ये लिहून काढा. एक कप पीठ चमच्याने हलकं भरलं तर साधारण १२० ग्रॅम, कप डब्यात खुपसून दाबून भरलं तर १५० पर्यंत जातं. बारीक मिठाचा लहान सपाट चमचा ६ ग्रॅमच्या आसपास, जाड मिठाचा तोच चमचा बराच हलका. मग 'एक चमचा' लिहून काय उपयोग?
करणाऱ्याला मात्र मोजायला लावू नका, हात आखडतो. मिठाचा डबा आधी तोला, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा तोला, वजाबाकी वहीत. तेलाचंही तसंच.

मंद_आच:
काट्याशी भांडण नाही, पण तो निम्मंच पकडतो. साधा कांदा घ्या. २०० ग्रॅम कांदा, २ चमचे तेल, दोन्ही घरांच्या वहीत हेच लिहिलेलं, तरी चव वेगळी. कारण कांद्यात ९० टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. ते उडेपर्यंत कांदा १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही, आणि तो खमंग तांबूसपणा साधारण १४० च्या पुढे भराभर येतो. अरुंद पातेल्यात कांदा दाटीने बसला की स्वतःच्याच वाफेत शिजतो, मऊ आणि फिकट राहतो. घाईने आच वाढवली तर कडा करपतात, आत कच्चा. नीट गडद व्हायला मध्यम-मंद आचेवर ३५-४० मिनिटं लागतात, आणि पाककृतीत बिनदिक्कत '५ मिनिटं परता' असतं!
तेव्हा भांड्याची रुंदी लिहा, आच लिहा, आवाजसुद्धा लिहा. सुरुवातीला ओला, जड चर्र असतो. पाणी संपत आलं की तो बारीक होतो आणि तेल कडेला सुटतं.

चिमूटभर:
मग तेही तोला की. कढईसकट. कांदा तिसऱ्या हिश्श्यावर आला की काम झालं. आवाज कानागणिक बदलतो, वजन नाही.

झाकण:
दोघांचं माप लिहिलंत, जेवायला सहाजण आले, आता? तिपटीने सगळं वाढवणारेच फसतात. भात मोकळा होणार असेल तर तांदूळ जेवढे, तेवढं पाणी शोषलं जातं, ते तिप्पट बरोबर. पण वाफ होऊन जाणारं पाणी भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरतं, ते तिप्पट होत नाही. भाताचा गिचका होतो तो तिथे. रश्श्याचंही तेच, पाणी हात राखून घाला. डाळी-कडधान्यांत आंबट आधी पडलं तर दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. हा क्रम काट्यावर दिसतो का?

आयतोबा:
माझा दोघांनाही विरोध. 'तशी चव येत नाही' ही तक्रार बहुधा स्वतः रांधणाऱ्याचीच असते. तासभर वाफेवर उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं, पदार्थ फिका वाटतो आणि मीठ-मसाला जास्त पडतो. शेवटची चव जोडीदाराला घेऊ द्या, तीही वाटीत काढून, जेवताना असतं तेवढं निवू देऊन. उकळत्या रश्श्याची जीभ पोळणारी चव काही सांगत नाही. आणि खारट झाल्यावर बटाटा टाकून मीठ ओढून घेण्याची आशा सोडा, तो रश्श्याइतकाच खारट होतो. पाणी किंवा बिनमिठाचा ऐवज वाढवणं हाच उपाय.

मंद_आच:
चव घेण्याचं पटलं. मीठही ठरल्यापेक्षा थोडं कमीच घालावं, वरून घेता येतं.

चिमूटभर:
थांबा, जोडीदार फक्त चव घेणार? 'अंदाज' एकाच्याच हातात राहिला की चूलही त्याच्याच गळ्यात. ताप आलाय, बाहेर उशीर झालाय, तरी 'तुझ्यासारखं जमत नाही' तयारच. वहीत १२ ग्रॅम मीठ लिहिलेलं असलं की ही सबब चालत नाही.

झाकण:
वहीने सबब जात नाही, भांडी वेगळी पडली की पहिल्याच दिवशी नवी मिळते. आठवडाभर शेजारी उभं राहून तोच पदार्थ त्याच कढईत करा, मग लिहा. आणि हो, मसाला कधी दळलाय ते पण टाका. सहा महिन्यांच्या पुडीतल्या ५ ग्रॅममध्ये ताज्या ५ ग्रॅमचा वास नसतो.